जिवंतपणी सोनेरी

बाई म्हणायच्या, आधी पाय मोज, भेरे.
पायाच्या टोकाला पाच सांधे असतात,
पण चौथा तिसऱ्याच्या बदामी खाचेत दडतो
आणि घाईचा माणूस चार म्हणून मोकळा होतो.
मी सातवी नापास, प्रयोगशाळेतला हमाल.
भिंगाखाली तो चौथा सांधा दिसला तेव्हा
उगाच खाकी सदऱ्याचं वरचं बटण लावून घेतलं.

चर्नी रोडचं कॉलेज, दुसरा मजला, मागची खोली.
सागवानी खण एकशे बारा,
डांबरगोळ्यांचा वास भाकरीलाही यायचा.
लेबलं मी लिहायचो, बारीक निबेनं,
नखाएवढ्या कागदावर चार ओळी:
गाव, तारीख, झाड, वेचणारा.
बाहेर लोक फुकट नावं ठेवतात,
बाई एक नाव ठेवायला तीन वर्षं घालवायच्या.

कुळ, प्रजाती, जाती.
हे शब्द मला ठाऊक होते, पण दुसऱ्या कामाचे.
कूळ म्हणजे माझा बाप, खोताच्या खाचरात.
जात म्हणजे खोली भाड्यानं मागायला गेलं
की आडनाव सांगितल्यावर पसरते ती शांतता.
पानभुंगेऱ्याला बाई एवढंच विचारायच्या,
खातोस काय? भोपळा, रताळं की गारवेल?

देवनारच्या कुंपणावर, अडुसष्टचा ऑगस्ट,
गारवेलीच्या पानाखाली तो बसला होता.
मसुराएवढा, कासवासारखा, कडा काचेच्या
आणि मधे सोनं. सराफाच्या पेटीतलं नव्हे,
मुशीत वितळताना थरथरतं ते.
बाटलीत घातला. परळपर्यंत सोनं होतं.
खोलीवर पोचलो तर मेलेला, चिंचोक्याच्या रंगाचा.
मला वाटलं माझ्या हातून काही बिघडलं.
नाही रे, बाई म्हणाल्या, ते ओलीचं सोनं.
कवचातली ओल गेली की संपलं.
वर्णनात त्यांनी लिहिलं, रंग सोनेरी,
आणि कंसात एकच शब्द: जिवंतपणी.

नाव ठेवलं, छापून आलं.
खाली कु. द्वारका बारदेस्कर.
त्याच वैशाखात लग्न. ताटात तांदूळ पसरले,
अंगठीनं त्यांवर लिहिलं, मृणाल.
जूनमध्ये कामावर आल्या त्या मृणाल खोपकर.
दारावरची पाटी मीच रंगवली.
जुनी पाटी उलटी करून
तिच्यावर ब्रश पुसला.

सात वर्षांनी प्रागहून पत्र.
तुमचा भुंगेरा नवा नाही.
एकशे वीस वर्षांपूर्वी, मुंबईला कधीच न आलेल्या
कुणा साहेबानं, जहाजातून आलेल्या डबीतला
वाळका किडा पाहून त्याला नाव दिलेलं आहे.
रंग त्यानं लिहिला होता, तपकिरी.
तरी खरं नाव त्याचंच.
आधीचं ते टिकतं. नंतरचं त्याच्याखाली,
थोडं आत सरकवून लिहितात.
पुसत मात्र नाहीत.

मी म्हटलं, बाई, हा काय न्याय झाला?
त्या पत्राची घडी घालत होत्या.
नियम चांगला आहे रे, म्हणाल्या. आधीचं ते टिकतं.
घडी पुन्हा उघडली, पुन्हा घातली.
दुसऱ्या दिवशी माझ्याकडून कोरं लेबल घेतलं,
माझीच निब घेऊन काहीतरी लिहिलं
आणि टाचणीत सगळ्यात खाली खोचलं.
मी वाचलं नाही. वाचायचं तर किडा उचलावा लागतो,
मिशा मोडतात.

खण आता कुठे आहेत कुणास ठाऊक.
असतील तर चौथ्या ओळीत मीही असेन, ल. भेरे.

परवा मानखुर्दला, सोसायटीच्या तारेवर, गारवेल.
सवयीनं पान उलटलं. होता.
बाटली नव्हती जवळ, नातवाचा हात होता.
पाय मोजायला वाकलो.
या डोळ्यांना आता पायच दिसत नाहीत,
सांधे कुठले.
तरी पाच म्हटले.